मागच्या सीटवरचा वारा

वर्लिन टोलेफसनच्या गावात कुणी तक्रार म्हणून करत नाही. पाय मोडून घरी आलेला माणूसही विचारलं तर सांगतो, "तसं काही वाईट नाही." उत्तर मिनेसोटातल्या या जुन्या नॉर्वेजियन घराण्यांची ती खोडच आहे. वर्लिनची बायको आर्डिस तर या बाबतीत सगळ्या गावाच्या वरताण.

एकतीस वर्षं दोघं दर सप्टेंबरात मोटरसायकलवरून लेक सुपीरियरला प्रदक्षिणा घालत आले होते. या वर्षी मे महिन्यातच आर्डिस म्हणाली, "वाऱ्यानं मान जरा धरते. तू एकटा जाऊन ये." एकटं जाण्यात वर्लिनला काडीचा रस नव्हता. रागारागात त्यानं गाडी विकायची जाहिरात दिली आणि मग आठवडाभर त्याच्या घशाखाली घास उतरेना. शनिवारी फार्गोहून एकजण गाडी बघायला येणार होता. त्याआधी शेवटचा उपाय म्हणून वर्लिननं वर-खाली करता येणारी नवी विंडशील्ड मागवली. वारा अडला की मान सुटेल, मान सुटली की गाडी राहील, असा त्याचा साधा हिशोब होता.

बुधवारी सकाळी त्यानं गॅरेजात काम मांडलं. जुन्या काचेचे चार स्क्रू काढले, गंजलेले वायसर फेकून दिले, नवे रबरी वायसर बसवले. स्क्रू आवळताना मात्र हात राखला, कारण ही काच प्लास्टिकची, जोर केला की भोकापाशी तडकते. दोन्ही बाजूंना हातानं फिरवायच्या मुठीएवढ्या चाव्या होत्या. त्या ढिल्या केल्या की काच वर सरकायची, आवळल्या की जागच्या जागी थांबायची. मग तो सीटवर बसला आणि काचेची कड बरोबर नाकासमोर आणली. काचेवरून बघायचं, काचेतून बघायचं नाही, हा त्याचा चाळीस वर्षांचा नियम. काचेतून बघतात ते शिकाऊ, असं तो येईल त्याला ऐकवायचा.

"चल, पुढच्या गावच्या धान्याच्या कोठारापर्यंत एक फेरी मारू," तो आर्डिसला म्हणाला आणि तिला मागे बसवून निघाला.

अकरा मैलांत वर्लिनच्या हेल्मेटला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागली नाही. तो हरखून गेला. परत आल्यावर त्यानं विचारलं, "कसं वाटलं?"

"तसं काही वाईट नाही," आर्डिस म्हणाली.

झालं. स्वारी शीळ घालत हात धुवायला स्वयंपाकघरात शिरली आणि दारातच थबकली. आर्डिस टेबलाशी बसली होती आणि तिच्या मानेवर फ्रीजरमधल्या मटारची पिशवी होती.

"हे काय?"

"काही नाही. उकडतंय जरा."

बाहेर स्वेटर घालायची हवा होती. एकतीस वर्षं ही बाई "वाईट नाही" म्हणत होती आणि एकतीस वर्षं आपण ते "छान" असं ऐकत होतो, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि स्वतःची फार लाज वाटली.

तो तडक शेजारी लोर्नाकडे गेला. लोर्ना विधवा, शाळेची बस चालवायची आणि तिची स्वतःची मोटरसायकलही होती.

"माझी गाडी तू चालव. मी मागे बसतो."

लोर्नानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ताप आलाय का रे तुला?"

"बायकोच्या जागेवर बसून बघायचंय."

"एवढ्या वर्षांनी? लवकर सुचलं म्हणायचं, बाबा."

रस्ता कॅफेवरून जात होता. खिडकीतल्या म्हाताऱ्यांनी कॉफीचे कप खाली ठेवून बघितलं. उद्या आपला उद्धार होणार हे वर्लिनला दिसत होतं. पण गावाबाहेर लोर्नानं वेग वाढवला आणि तो सगळं विसरला. मागची सीट उंच. पुढच्याच्या डोक्यावरून गेलेला वारा नेमका मागच्याच्या हेल्मेटवर येऊन आदळत होता, कुणी टपल्या मारत सुटल्यासारखा. कोठार येईस्तोवर त्याचे दात खिळखिळे झाले.

"मी पुढे मजेत होते हं," उतरल्यावर लोर्ना म्हणाली.

"तेच तर," वर्लिन म्हणाला.

तिथेच रस्त्याच्या कडेला त्यानं चाव्या ढिल्या केल्या आणि काच चार बोटं वर सरकवली. आता पुढच्याला काचेतूनच बघावं लागणार होतं, तेही चिलटं चिकटलेल्या काचेतून. चाळीस वर्षांचा नियम त्यानं मुकाट्यानं गिळला.

दुसऱ्या दिवशी आर्डिस मागे बसण्याआधी त्यानं बजावलं, "या गाडीवर आजपासून 'वाईट नाही' म्हणायचं नाही. लागलं की माझ्या खांद्यावर थाप मार. मी थांबेन."

"उगाच कशाला तुला त्रास?"

"काल मी तुझ्या जागेवर बसून आलोय, आर्डिस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं हेल्मेटचा पट्टा लावला.

मैल सरत गेले. खांद्यावर काहीच येईना. कोठार दिसू लागलं. पुन्हा सोसतेय ही, त्याला वाटलं. शनिवारी गाडी जाणार. आणि तेवढ्यात उजव्या खांद्यावर सणसणीत थाप बसली.

त्यानं गाडी कडेला घेतली. आर्डिस उतरली, हेल्मेट काढलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"डाव्या कानावर अजून लागतंय. काच आणखी बोटभर वर घे. आणि तुझ्या जाकिटाची ती कॉलर, ती एकतीस वर्षं माझ्या हनुवटीवर फडफडतेय. शिवून टाक नाहीतर फेकून दे. शिवाय ही सीट म्हणजे निव्वळ फळी आहे."

वर्लिनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं काच बोटभर वर घेतली, चाव्या आवळल्या आणि जाकीट काढून सामानाच्या पेटीत कोंबलं.

"अजून काही?"

"आहे ना," आर्डिस मागे चढून बसत म्हणाली. "पुष्कळ आहे. सुपीरियरचा पूर्ण फेरा लागेल सांगायला."