पांढरा दोर

आमच्या मालकांनी, गावाच्या तात्यांनी, जन्मात विडी ओढली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण उंब्रजपासून सांगलीपर्यंत भेटेल तो पहिलं तेच विचारतो. अरे, तंबाखूचा वास नको म्हणून हा माणूस पारावर बसायचा नाही.

साखर कारखान्यात बॉयलरवर जन्म गेला त्यांचा. गाळप संपलं की वाफेच्या पायपांवर ऊब धरायला गुंडाळलेला जुना पांढरा दोर सोलायचा, खालचा लेप खरवडायचा, नवा दोर गुंडाळायचा. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या. मी म्हणायची, "गिरणीत दळण घालून आलाय का?" हसायचे.

गेल्या साली धाप लागली. छातीत पाणी झालं. सांगलीच्या डॉक्टर अश्लेषाबाईंनी पाणी काढलं, आतला तुकडा तपासला आणि आम्हाला समोर बसवलं. फुप्फुसाला बाहेरनं अस्तर असतं, त्याचा कॅन्सर.

"कशानं?" मी विचारलं.

"त्या दोरात ॲस्बेस्टॉस असतं, आजी. त्याचे तंतू श्वासातून आत गेले की तिथंच रुततात. अस्तर सुजतं, वण पडतो, पुन्हा सुजतं. वर्षानुवर्षं आतल्या आत हेच चालतं. मग कधीतरी त्याच जागी गाठ धरते."

मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. उसाच्या पाचटाची बारीक काट्यासारखी कूस अंगात शिरली आणि निघाली नाही, तर तिथं गळू येतं, बसतं, परत येतं. पण ती डोळ्यांना दिसते तरी. सुईनं काढता तरी येते.

कारखान्यात कळवलं, तर संचालक राजवर्धन घरी आला. चहा पिऊन म्हणतो, "वय झालं की व्हतंच, काकी. अन् तात्या चोरून ओढत नसतील कशावरनं?"

"तुझ्या बापानं चोरून काय काय केलं ते मी बोलते का?" मी म्हटलं. बशी ठेवून उठला.

आठवड्याभरात निरोप आला. यंदा बॉयलर पेटवायच्या पूजेला तात्या आणि काकींनी बसायचं. दरसाल हंगामाआधी एक जोडपं बसवतात, आणि ते कायम संचालकाच्या घरचं. मान मला आवडतो, खोटं कशाला बोलू. पण हा मान तोंडात कोंबायचा बोळा होता.

माझा जयराज आता त्याच बॉयलरवर कामाला आहे. त्याला विचारलं, "जुना दोर निघाला का सगळा?"

"मागच्या अंगाचा राहिलाय. पुढल्या उन्हाळ्यात सोलायचा."

"सोलताना तोंडाला काय बांधतोस?"

"रुमाल. आई, तितं काय बोलू नगंस. माजी नोकरी हाय."

रुमाल. बापानंही रुमालच बांधला होता.

पूजेला इरकल नेसले. मालकांना पाटावर बसवेना, खुर्ची दिली. भटजींचं आटोपलं, राजवर्धननं पेटती मशाल माझ्या हातात दिली. मी ती धरून तशीच उभी राहिले.

"मुहूर्त टळतोय, काकी."

"टळू दे. तात्या विडी ओढत नव्हते, त्यांची छाती या दोरानं गेली, हे आदी माईकवर सांग. अन् ह्यो दोर काढायला जाणती माणसं आण. माझा पोरगा त्याला हात लावणार न्हाई."

"मीटिंगमध्ये घेऊ की."

"मग आगपण मीटिंगमध्येच लाव." भिंतीला आग विझवायला वाळूची बादली टांगलेली होती, तिच्यात मशाल खुपसली. मांडवात बायका अपशकुन, अपशकुन करायला लागल्या. अपशकुन कुणाच्या छातीत शिरलाय ते त्यांना कुठं ठाऊक.

राजवर्धन जयराजकडं वळला. "तू पेटव रं दुसरी."

जयराजनं बापाकडं बघितलं. मालकांची छाती लोहाराच्या भात्यागत चालली होती. पोरानं गळ्यातला रुमाल सोडला आणि चौरंगावर नारळापाशी ठेवला. "आई म्हणती ते सांगा, साहेब. मग पेटवतो."

बॉयलरवरचं दुसरं कुणीही पुढं आलं नाही.

राजवर्धननं माईक घेतला. घसा खाकरला. "आपले आकारामतात्या… यांनी कधी विडी ओढली नाही."

मालकांनी मान वर केली.

"हां," मी म्हटलं. "आता पुढचं बोल."