उतारावरचं इंजिन

आमच्या सुनेनं स्वतःच्या मनानं घरात आणलेली पहिली वस्तू म्हणजे ते इंजिन. परदेशी बनावटीचं, लालभडक, आणि किमतीला इतकं हलकं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी शंकाच यावी. गवत कापायच्या आमच्या मशीनचं जुनं इंजिन कायमचं बसलं होतं. ह्यांच्या हयातीतलं ते, त्याचे सुटे भाग आता कुणी ठेवत नाही. म्हणून तिनं हे मागवलं, मिस्त्रीकडून बसवून घेतलं, आणि खोक्यात निघालेलं पुस्तक माझ्यापुढं धरलं.

"आई, बघा ना, चित्रं आहेत. वाचायची गरजच नाही."

"चित्रं बघून सगळं जमलं असतं तर मी लग्नाच्या फोटोवरच संसार केला असता," मी म्हटलं.

माझी शाळा लवकर सुटली, पण मशीनचा आवाज मला कळतो. अंगणात दोरीच्या दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज, पण दम होता. मी नावं ठेवली नाहीत. माझ्याकडून तेवढं कौतुक पुष्कळ झालं.

बंगल्यांची हिरवळ, मैदानं, रिकामे प्लॉट, सगळीकडचं गवत आम्हीच कापतो. सगळ्यात मोठं काम पाण्याच्या टाकीचं. टेकाडावर टाकी आणि तिच्या खाली चहूबाजूंनी उतार. पूर्वी मी आणि हे दोघं मिळून कापायचो. आता माझे गुडघे बोलतात. थोरला ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा येतो. त्यामुळे काम सुनेच्या हातात आलं. धाकट्याच्या हातात फक्त फोन. त्याला मशीन विकून टेम्पो घ्यायचा होता, आणि तो टेम्पो रोज जेवणाच्या ताटाभोवती एक चक्कर मारून जायचा.

सून टाकीवर गेली आणि पहिल्याच पट्ट्यात इंजिन बंद पडलं. दोरी ओढून ओढून तिच्या तळहाताला फोड आले. शेवटी मशीन खाली रस्त्यावर ओढत आणलं, तर पठ्ठ्या एका झटक्यात सुरू! पुन्हा वर नेलं, पुन्हा बंद. घरी आणलं तेव्हा धाकट्यानं अंगणात दोन बोटांनी दोरी ओढली आणि इंजिन घुमायला लागलं.

"वहिनी, नाचता येईना अंगण वाकडं," तो हसत म्हणाला.

मिस्त्रीनं ते टेबलावर ठेवून तासभर चालवलं. "इंजिनात खोट नाही. चालवणाऱ्याचं मला विचारू नका," म्हणाला. दुसऱ्या खेपेलाही टाकीवर तेच झालं. तिथल्या मुकादमानं सांगितलं, शनिवारपर्यंत उतार साफ झाला नाही तर काम दुसऱ्याला देणार. टाकीचं काम गेलं की आमच्या धंद्यात उरतं काय, कुंड्यांमधलं तण?

त्या संध्याकाळी सून मोरीत हात धूत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मशीन विकून टाका. भाऊजींना टेम्पो घेऊ द्या. माझ्या हाताला गुण नाही. मी शिवणकाम धरते."

रडली असती तर मी रागावले असते, ते मला जमतं. पण ती नुसती हात धूत राहिली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"उद्या मी येते," मी म्हटलं. "बघू तर खरं, कुणाच्या हाताला गुण आहे ते."

धाकटाही बरोबर आला. कामाला नव्हे, तमाशा बघायला. फाटकाजवळच्या सपाट जागेवर मी मशीन सुरू केलं, टाकी डाव्या हाताला ठेवली आणि उताराला आडवी निघाले. हीच आमची वर्षानुवर्षांची रीत. वीसेक पावलं गेले असेन, इंजिन खोकलं आणि गप्प झालं. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. खांद्यातून कळ आली, इंजिनातून काही आलं नाही.

धाकटा आभाळाकडं बघायला लागला. सुनेला हसायचा पुरता हक्क होता. पण ती पाठ फिरवून गवतातले दगड वेचत राहिली, जणू तिला काही दिसलंच नाही. माणसाची जात अशा वेळी कळते.

मला मात्र असा संताप आला! म्हटलं, चल मेल्या घरी, भंगारात घालते तुला. मशीन गरकन फाटकाकडं फिरवलं आणि जाता जाता रागानं दोरीला एक हिसका दिला. तर सुरू! मी तशीच चालत सुटले. गवत भराभर पडत होतं. फाटकापर्यंत एकदाही खोकलं नाही. पुन्हा वळून टाकी डावीकडं घेतली, की मेलं.

"आई, थांबा!" सून धावत आली. "जाताना बंद पडतं, येताना चालतं. मला येणं कधी झालंच नाही, मी जातानाच अडकायचे."

तिनं पाण्याची अर्धी बाटली घेतली, उतारावर आडवी धरली आणि आधी एकीकडं, मग दुसरीकडं कलती केली. "हे बघा. आतलं तेल असंच एका अंगाला जातं. डावी बाजू वर झाली की त्याला वाटतं तेल संपलं. पुस्तकात तिरक्या रेघेवर थेंबाचं चित्र होतं. मला वाटलं, नुसतं तेल घाला म्हणतात."

ह्या वेळी अंगण खरंच वाकडं होतं की! मी धाकट्याकडं पाहिलं. त्यानं घाईघाईनं मिस्त्रीला फोन लावला.

"हां, असेल, असेल," फोनमधून मिस्त्री म्हणाला. "असल्या नव्या इंजिनांत तेल कमी झालं की इंजिन बंद करायला आत एक तरंगता गोळा असतो. घेऊन या, त्याची वायर काढून टाकतो. सगळ्यांची काढतो मी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" सुनेनं विचारलं.

"ताई, माझं टेबल सपाट आहे."

धाकट्याला हुरूप आला. "चला, दोन मिनिटांचं काम. वायर काढली की विषय संपला."

"नाही काढायची," सून म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिनं, पण धाकट्याचा हात फोनवरच राहिला.

"तेल एका अंगाला गेलं की आतलं खरंच कोरडं पडत असेल, भाऊजी. ते स्वतःचा जीव वाचवायला थांबतंय. वायर काढली तर एक दिवस न थांबताच जळेल, मग काय करायचं? स्वस्तातलं आहे म्हणून त्याला मारायचं?"

"मग काय, एकाच अंगानं कापणार? चालणं दुप्पट होईल!"

"होऊ दे. जाताना बंद करून ओढत नेईन, येताना कापत येईन."

"उन्हात? एवढा उतार? आई, तूच सांग हिला!"

दोघंही माझ्या तोंडाकडं बघायला लागले. खरं सांगते, माझ्याही मनात आलं होतं, दुप्पट चालण्यापेक्षा वायर काढून मोकळं व्हावं. पण त्या पोरीच्या तळहातावर फोड होते आणि तरी ती चालायला तयार होती. शिवणकामाचं नावही तिच्या तोंडात उरलं नव्हतं.

"तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस," मी धाकट्याला म्हटलं. "जाताना मशीन ओढायचं काम तुझं. येताना ती कापेल."

त्यानं तोंड वाकडं केलं, पण ओढलं. दुपार कलायच्या आत अर्ध्याहून जास्त उतार मोकळा झाला. कापलेल्या गवताचा वास सगळीकडं पसरला होता. दोघं पाणी प्यायला सावलीत बसली, तेवढ्यात मुकादम आला. उतारावर नजर फिरवून माझ्याशी बोलायला लागला, की पलीकडची बाजूही पावसाआधी करून द्याल का, दर काय घ्याल.

बोलता बोलता मला वाटलं, रिकामं का उभं राहायचं, एक पट्टा आपण मारू. फाटकाजवळ मशीन उभं होतं. मी दोरी ओढली आणि जुन्या सवयीनं टाकी डाव्या हाताला घेऊन निघाले.

"आई! तिकडून नाही!" सावलीतून सून कडाडली. "बंद करा ते! किती वेळा सांगायचं?"

मुकादम दचकला. धाकट्याचा पाण्याचा घोट तोंडातच राहिला. हे गेल्यापासून माझ्यावर असा आवाज कुणी टाकला नव्हता, आणि ह्यांनीही चारचौघांत कधी टाकला नव्हता. सुनेनं जीभ चावली, पण उठून उभी राहिली होती ती राहिलीच.

मी मशीन बंद केलं आणि मुकादमाला म्हटलं, "दराचं तिच्याशी बोला. मला आत्ताच ओरडा बसलाय."