तिसऱ्या वाक्याला तुटणारा फोन

धाकट्या बहिणीने तळ्याकाठी आठ तंबू उभारून प्रवाशांची राहायची सोय केली, तेव्हा मीही पुस्तकांच्या तीन ट्रंका घेऊन तिच्याकडे आलो. माझा तिथे उपयोग काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पाहुणे येत, तळं बघून खूश होत आणि मग फोन उंच धरून तंबूंभोवती फिरत. रेंज नाही म्हटल्यावर त्यांचे चेहरे उतरत, आणि दोन दिवसांचा मुक्काम संध्याकाळपर्यंत आटोपता घेतला जाई.

शेवटी गिर्यारोहकांच्या एका मंडळाने कळवलं, की हंगामाआधी रेंज आली तर दर आठवड्याला येऊ, नाहीतर दुसरी जागा बघू. बहिणीने मला सरळ सांगितलं, मंडळ हातचं गेलं तर ती तंबू गुंडाळून लेकीकडे जाणार. लेकीच्या घरात माझी एक ट्रंकही मावली नसती.

मी मोबाइल कंपनीला पत्र लिहिलं. रेंज नसल्याची तक्रार फोनवरच नोंदवावी, असं उत्तर आलं. घरात शिकलेला मीच, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. कपड्यांच्या दोरीखाली टब पालथा घालून त्यावर उभं राहिलं, की जेमतेम रेंज येई. मी दोन पानी निवेदन घेऊन टबावर चढलो. पहिल्या वाक्यात अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमा, दुसऱ्यात माझी ओळख, तिसऱ्यात माझी समजूत चुकीचीही असू शकेल अशी कबुली. तिथे फोन तुटे. पुन्हा लावला की पलीकडे नवीनच माणूस. अनोळखी माणसाशी मधूनच कसं बोलायचं? मी परत क्षमेपासून सुरुवात करी.

"दादा, आधी टॉवर म्हण," बहीण ओल्या चादरी पिळत म्हणाली. "माफी मागाहून माग."

मी प्रयत्न केला. पण असं एकदम काही मागणं जिभेवर येईना.

तेरा दिवसांत सव्वीस फोन झाले. चौदाव्या दिवशी तिने तंबूंच्या खुंट्या उपटायला घेतल्या आणि त्याच वेळी कंपनीची जीप आली. मला तंबी द्यायला आले असणार, असं वाटून मी चादरीआड झालो.

"सव्वीस कॉल, एकाच जागेवरून, सगळे मिनिटाच्या आत तुटलेले," इंजिनिअर म्हणाला. "बाकीचे लोक फोन तुटायच्या आत चार शब्दांत काम उरकतात, म्हणून आमच्या नोंदीत इथे सगळं ठीक दिसायचं. तुमच्यामुळे ही जागा यादीत पहिली आली."

हंगामाआधी मागच्या टेकडीवर टॉवर उभा राहील, असं त्याने सांगितलं. मग विचारलं, "पण आजोबा, तुम्हाला सांगायचं काय होतं?"

मी चष्मा पुसला, निवेदन उलगडलं आणि त्याचा अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागितली.

"दादा, जाऊ दे त्यांना," बहीण म्हणाली. ती खुंट्या पुन्हा ठोकत होती. "टॉवर झाला की फोनवर सांग."

इंजिनिअरने घाईघाईने मान डोलावली आणि तो जीपमध्ये बसला. मी सध्या दुसरं पान तपासतो आहे. ते कुणी ऐकेल, असं लिहिताना वाटलंच नव्हतं.