नर्सबाईंची सभा आणि अकरा साहेब

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटायची गरज नाही. मिटलेत की तुम्ही झोपता, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. उघड्या डोळ्यांनीच बघा. सांगलीत एका घराच्या पडवीत एक गुरुजी मांडी घालून बसलेत. टोपी कडक, शाई काळीभोर, आणि पुढ्यात चाळीस पत्रं. दोन ओळी लिहून झाल्या की ते मान तिरकी करून स्वतःच्याच अक्षराकडे कौतुकानं बघतात. दिसले? तो बावळट माणूस म्हणजे मी.

साल १९७४. उंब्रजजवळच्या एका खेड्यात मी शिक्षक होतो. माझ्या चौथीच्या वर्गात शालू होती. तिचे वडील कृष्णात लष्करात, पठाणकोटला. आई चंद्राबाईला छातीचा कॅन्सर झाला होता. आमच्या गावात त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. ‘तो रोग’ म्हणायचं आणि आवाज खाली आणायचा. शेजारणींनी चंद्राबाईच्या हातचा चहा बंद केला होता. गावच्या नर्सबाई, तानुबाई, औषधाची पुडी उंबऱ्यावर ठेवून लांबूनच विचारायच्या, “बरं हाय न्हवं?” जखम धुण्याचं, पट्टी बदलण्याचं काम शालू करी. दहा वर्षांची पोर. त्यापायी तिची शाळा निम्मी बुडाली होती.

मे महिन्यात चंद्राबाईला सांगलीच्या दवाखान्यात ‘लाइट’ द्यायचं ठरलं. यंत्रातून किरण सोडून रोग जाळायचा, त्याला लोक लाइट म्हणत. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी दोघींना एसटीनं घेऊन गेलो आणि तिथंच मेव्हण्याकडे मुक्काम टाकला.

त्या वॉर्डच्या सिस्टर लक्ष्मीबाई कांबळे, मूळच्या कुंडलच्या. एकदा पट्टी बांधताना त्या शालूला म्हणाल्या, “छान जमतं की गं तुला. पण जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर?”

“शाळा सोडायची,” शालू म्हणाली. “आईला कोन बगनार?”

सिस्टरांनी पट्टीची गाठ मारली. मग त्या माझ्याकडे वळल्या. “गुरुजी, हेच दुखणं आहे बघा. इथं आम्ही सहा जणी. पेशंट घरी गेला की पुढं त्याला वाली नाही. खेड्यापाड्यात नर्स आहेत, पण त्यांना हे काम कुणी शिकवलेलंच नाही. त्याही घाबरतात. म्हणून आम्ही कॅन्सरच्या परिचारिकांचा संघ काढतोय. सगळ्यांना सभासद करायचं, महिन्यातून एकदा भेटायचं, एकमेकींना शिकवायचं. अडलं की एकीनं दुसरीला पत्र टाकायचं. एकटी नर्स घाबरते, गुरुजी. चाळीस जणी मिळून घाबरत नाहीत.”

“पहिल्या सभेची पत्रं मी लिहितो!” मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.

आता माझी अक्कल ऐका. जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्हाला एक गोष्ट हाडीमाशी भिनवली होती: कागद जायचा तो योग्य मार्गाने, म्हणजे वरच्या साहेबांच्या हातून. मला साधी खडूची पेटी हवी असली, तरी अर्ज तीन टेबलांवर विसावा घेत घेत जाई आणि खडू पुढच्या वर्षी येत. तरीही त्या मार्गावर माझी श्रद्धा अढळ. तेव्हा नर्सबाईंची चाळीसही निमंत्रणं मी त्या त्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांच्या नावे धाडली. वर ठळक लिहिलं, ‘योग्य मार्गाने’. शिवाय नम्रतेच्या भरात खाली एक ओळ जोडली, ‘आपल्या मार्गदर्शनाची अपेक्षा आहे.’

सभेच्या दिवशी दवाखान्याजवळच्या एका शाळेचा हॉल झाडून ठेवला. अकरा वाजता पहिली जीप आली. मग दुसरी. मग फटफटी. एकेक साहेब उतरू लागले. पांढरे बुशशर्ट, खिशात भाषणाची घडी. मोजून अकरा साहेब आले. नर्स एकही नाही.

शालूनं माझा सदरा ओढला. “गुरुजी, तानुबाई कुटं हाय?”

मी एका साहेबांना तेच विचारलं. ते माझ्याकडे, वर्गाला दांडी मारणाऱ्या पोराकडे मी बघतो तसं बघायला लागले. “नर्स? अहो, मी इकडं आलो म्हटल्यावर दवाखाना कोण बघणार?”

थोडक्यात, नर्सच्या सभेला साहेबांना येता यावं म्हणून सगळ्या नर्स कामावर थांबल्या होत्या. अकरा भाषणं झाली. नर्सनं सेवाभाव बाळगावा यावर सगळ्यांचं एकमत झालं. आणि आभार मी मानले. वीस मिनिटं. लाज वाटत असली की मी जास्त बोलतो.

सगळे गेल्यावर शालू म्हणाली, “लाइट धा दिसांत संपतोय. मग आमी घरी.” एवढंच. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

सिस्टर मात्र हसल्या. “गुरुजी, पुन्हा पत्रं पाठवू. या खेपेला नर्सबाईंच्या घरच्या पत्त्यावर, रविवारची सभा. आणि तुम्ही लिहू नका.”

“अक्षर वाईट आहे का?”

“फार सुंदर आहे. बघितल्याबरोबर बदलीचा हुकूम वाटतो.”

मग सहा सिस्टरांनी पोस्टकार्डं वाटून घेतली. तानुबाईचं कार्ड शालूनं मागून घेतलं. माझा हात सवयीनं लाल पेनाकडे गेला.

“दुरुस्त करू नगा,” ती म्हणाली. “माजं हाय ते.”

मी पेन खिशात घातलं. शिक्षक म्हणून त्या महिन्यात मी केलेलं एवढंच काम धड झालं.

रविवारी तेवीस जणी आल्या. कुणी काखेला पोर घेऊन, कुणी भाकरीचं फडकं घेऊन. एकेकीनं वहीत सभासद म्हणून नाव लिहिलं. तानुबाई शेवटी आल्या आणि पेन हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.

सिस्टरांना पट्टी बांधून दाखवायची होती. चंद्राबाई आपणहून म्हणाल्या, “बाहुली कशाला? माज्यावरच दावा की. मी काय पळून जातीया व्हय?” बायका हसल्या. मी पाठ फिरवून खिडकीकडे तोंड केलं आणि ऐकत राहिलो.

सिस्टर सांगत होत्या: आधी हात धुवायचे, मग जुनी पट्टी भिजवून सोडवायची, ओढायची नाही. वास आला तरी चेहरा वाकडा करायचा नाही, कारण पेशंट जखमेकडे बघत नसतो, तुमच्या तोंडाकडे बघत असतो.

“आता चंद्राबाईंच्या गावच्या नर्सबाईंनी यावं,” सिस्टर म्हणाल्या.

मग तानुबाईंचा आवाज आला, अगदी बारीक. “सिस्टर, मला भ्या वाटतं. पदरात लेकरू हाय. त्याला लागलं म्हंजी?”

“हा रोग लागत नाही, तानुबाई. पण पहिल्या दिवशी माझेही हात कापत होते.”

“माझे तर महिनाभर,” मागून दुसरी सिस्टर म्हणाली.

तरी पावलं वाजली नाहीत. मला वाटलं, आता आपणच उठावं आणि धैर्य या विषयावर चार शब्द बोलावेत. मी घसा खाकरला.

“गुरुजी, तुमी गप ऱ्हावा जरा,” शालू म्हणाली.

मागं पाण्याचा आवाज आला, आणि खिडकीच्या काचेत मला दिसलं. शालूनं बादलीतून तांब्या भरून घेतला होता, दुसऱ्या हातात साबण होता. ती तानुबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“मावशी, हात फुडं करा,” ती म्हणाली, आणि त्यांच्या हातांवर पाणी घालू लागली.