माहितगाराशी नाते

“रमिलाबाई, मुळं तुटू देऊ नका,” रिना म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने आपल्या आईला नावाने हाक मारली होती.

रमिलाबाईने मान वर केली नाही. “नाही तुटणार, म्याडम,” म्हणत ती कुदळीच्या टोकाने मुसळीच्या बुंध्याभोवतीची ओली माती सैल करत राहिली. ‘म्याडम’ हा शब्द तिने कालपासून तोंडात घोळवून ठेवला असावा. तो कुठे अडखळला नाही.

काल संध्याकाळी फोनवर तसं ठरलं होतं. “सर सोबत आहेत. मी तुला नावाने बोलावीन. तू काही बोलू नको.” पलीकडून शेळीच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज येत राहिला. मग आईने नातीबद्दल एवढंच विचारलं होतं, “पोरीला आणशील?”

“नाही. फोनवर रोज बघते ना तुला. बघितल्याबरोबर झेपावेल.”

“हां. झेपावेल,” आई म्हणाली होती.

रिषभ सर बांधावर छत्री धरून उभे होते. शहाद्याच्या कॉलेजात रिना त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होती. पांढऱ्या मुसळीच्या पानात जे हरितलवक असतं, त्याचा अख्खा जीनोम तिने वाचून काढला होता. बाजारात खऱ्या मुसळीच्या नावावर भलतीच मुळं खपतात, ती ओळखता यावीत म्हणून. काम झालं होतं, पण परीक्षकांनी अडवलं. पान जिथून घेतलं तिथलंच झाड, मुळाफुलासकट, वाळवून कॉलेजात ठेवा, म्हणाले. सर म्हणाले, मीच येतो. आणि धडगावचा घाट चढून खरंच आले.

तीन वर्षांपूर्वी भरलेल्या फॉर्मात एक रकाना होता : माहितगाराशी नाते. माहितगार म्हणजे झाड दाखवणारं गावातलं माणूस, आणि झाड दाखवलं होतं आईने. रिनाने लिहिलं होतं, ‘नाही’. घरचं माणूस चालत नसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. पण त्याच्याही आधी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, आई मोहफुलांचं गाठोडं घेऊन हॉस्टेलच्या दारात उभी राहिली तेव्हा रिना मैत्रिणींना म्हणाली होती, “गावाकडची बाई आहे.” तेव्हा तर कुठलाच फॉर्म नव्हता.

झाड निघालं. खाली पांढऱ्या मुळ्यांचा झुपका, एकही तुटली नव्हती. रमिलाबाईने कमरेच्या गाठीतून ज्वारीचे चार दाणे काढले, खड्ड्यात टाकले आणि वर माती लोटली.

“हे कशाला?” सरांनी विचारलं.

“घेतलं तर ठेवायला लागतं, साहेब.”

सर खूश झाले. “रिना, आपण काय शोधलं ते सांग यांना. यांचं झाड आहे, यांना कळायला हवं. सांग, पान हिरवं असतं ते आतल्या बारीक कणांमुळे. त्या कणांत झाडाची सगळी कुळी लिहिलेली असते. आणि बहुतेक झाडांत ती बापाकडून येतच नाही, फक्त आईकडून येते. आईला तिच्या आईकडून.”

रिना पावरी बोलीत सांगू लागली. कणांपर्यंत ठीक गेलं. पुढचं सांगताना तिची नजर मुळ्यांवर खिळली. आवाज इतका खाली गेला की रमिलाबाईला कान पुढे करावा लागला. मग ती पावरीत काहीतरी म्हणाली.

“काय म्हणतात त्या?” सरांनी विचारलं.

“विचारतायत… मग बापाला उगाच कशाला नाचवतात लग्नात.”

सर छत्री हलेपर्यंत हसले. रमिलाबाईही तोंडाला पदर लावून हसली. पदर जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

रिनाने वर्तमानपत्राच्या घडीत झाड पसरलं, एकेक पान सरळ केलं आणि पेन्सिलीने लेबल लिहायला घेतलं. गाव, तारीख, उंची.

“मावशी, पूर्ण नाव सांगा तुमचं,” सर म्हणाले.

रिनाची पेन्सिल थांबली. तिच्या प्रत्येक कागदावर ‘रिना डोंगरसिंग पावरा’ होतं. पावरा तर पाड्यात सगळेच. पण डोंगरसिंग एकच होता, आणि तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. हे तिला काल सुचलं नव्हतं.

“रमिलाबाई करमसिंग पावरा,” आई म्हणाली.

करमसिंग म्हणजे आजोबा. आईने माहेरचं नाव काढून दिलं होतं, नवऱ्याचं झाकून. रिनाने ते लिहिलं. अक्षर चांगलं आलं, याचीच तिला लाज वाटली.

चहाला सगळे घरात गेले. धुराने काळवंडलेल्या भिंतीवर एक चौकोन उजळ राहिला होता, वर नुसता खिळा. पदवीच्या झग्यातला रिनाचा फोटो असायचा तिथे.

“आठे काय व्हतं, मावशी?” जीपच्या ड्रायव्हरने, चुडामणने, खिळ्याकडे बोट दाखवत विचारलं. तो प्रकाशा गावचा, त्याला गप्प बसवत नसे.

“देवाचा फोटो. धुवायला काढला.”

“देवना फोटो कोन धोस वं!” तो हसला, आणि रिनाकडे बघून हसायचा थांबला. सरांनी कप खाली ठेवला.

निघताना रमिलाबाईने कागदाची एक पुडी रिनाच्या हातात दिली. “मुसळीची भुकटी आहे, म्याडम. दुधासाठी देतात बाळंतिणीला. तुमच्याकडे कोणी असेल तर.”

सकाळपासून पोरीला न पाजलेली रिना ओढणी छातीशी घट्ट धरून जीपमध्ये बसली.

जीप अर्धा घाट उतरली. मग सर, पुढच्या सीटवरून मागे न वळता, म्हणाले, “रिना, माहितगार नात्यातला असला तरी चालतो. फक्त तशी नोंद करायची असते.”

रिनाने वर्तमानपत्राची घडी मांडीवर सरळ केली.

“लेबल पेन्सिलीतच आहे ना?”

“हो, सर.”

“असू दे. शाईने उद्या लिहू.”

घाट संपला, रेंज आली, तसा फोन वाजला. चुडामणने गाणं बंद केलं. जीपमध्ये पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा स्वच्छ होता.

“पोहोचल्या का, म्याडम?”

रिनाने सरांच्या पाठीकडे पाहिलं. मग लहानपणापासून जी हाक मारत आली होती, तीच हाक तिने आईला मारली. पावरीत, पुरेशी मोठ्याने.

पलीकडे घंटी वाजत राहिली. मग आईने हळूच विचारलं,

“साहेब गाडीतून उतरले का?”