भात्याचा श्वास

"बंद करा ते पाणी," सिर्कू म्हणाली. "ऐकून ऐकून मला लघवीला लागतेय."

तुइरे सुईणीनं स्पीकरवरचा समुद्राचा आवाज थांबवला. कळा सकाळपासून येत-जात होत्या. सिर्कूला ना बसवत होतं, ना पडवत. नवरा यारी मालवाहू जहाजावर, आणि जहाज बर्फात अडकलेलं. म्हणून सोबतीला तिचा बाप आला होता, वेइक्को. तोही खिडकीशी चुळबुळत उभा होता.

"बाबा, तुम्हीच वाजवा काहीतरी. अकॉर्डियन गाडीतच असतं ना?"

"इथे? दवाखान्यात?"

"चालेल की," तुइरे म्हणाली. "मन रमलं की अंगही सैल पडतं."

वेइक्कोचं आयुष्य गावोगावच्या नाचांना वाजवण्यात गेलं होतं. गेल्या हिवाळ्यापासून मात्र डावा हात थरथरायला लागला होता. आता तरुणांनी वाजवावं, असं सांगून तो बाजूला झाला होता. लेकीलाही त्यानं तेच सांगितलं होतं.

त्यानं वाद्य आणलं, पट्टे खांद्यावर चढवले. उजवा हात सुरांवरून धावला, डावा अडखळला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच.

पलंगाचा कठडा धरून सिर्कू बघत होती. "डाव्या हाताला काय झालंय?"

"गारठलाय."

"कधीपासून?"

उत्तराआधी कळ आली. तिनं श्वास कोंडून धरला, चेहरा लालबुंद झाला. "श्वास सोड, सिर्कू," तुइरे सांगत होती, पण तिला ऐकूच जात नव्हतं.

वेइक्कोनं सूर सोडून दिले. डाव्या अंगठ्याखालचं हवेचं बटण तेवढं दाबलं. तेवढं त्या अंगठ्याला जमत होतं. मग भाता सावकाश ओढला. सूर नाही, नुसती हवा आत गेली. मिटला, बाहेर आली. पुन्हा ओढला.

सिर्कूची नजर भात्यावर स्थिरावली. तो उघडला की ती श्वास घेई, मिटला की सोडी.

"थांबू नका, बाबा."

तो थांबला नाही. दुपार कलली, खांदे भरून आले, तरी नाही.

मुलगी झाली. तिला छातीशी घेऊन सिर्कू दमल्या आवाजात म्हणाली, "सोमवारी डॉक्टरकडे जायचं."

"तू बाळाकडे बघ."

"जायचं, बाबा."

"बरं."

त्यानं वाद्य पेटीत ठेवलं. खटका काही केल्या लागेना. एरवी त्यानं पाठ फिरवून झटापट केली असती. तुइरेनं वाकून खटका लावला. वेइक्कोनं हात बाजूला घेतला.

"दुसराही लावा," तो म्हणाला.