घडीगणिक एक ओळ

रीनामॅडमची प्रशिक्षणाची पुस्तिका चारचौघांत फाडली, तर नर्स ज्योत्स्नाचा फायदा काय होता? रात्रपाळी सुटणार होती. दारावर ‘प्रशिक्षण प्रमुख’ अशी पाटी लागणार होती. पाटीमागे पंख्याखालची खुर्ची होती. आणि डॉक्टरांची बायको म्हणून दवाखाना चालवणाऱ्या बाईचं तोंड एकदा तरी उतरलेलं बघायला मिळणार होतं. एवढा नफा समोर असताना गप्प बसायला ज्योत्स्ना काही साध्वी नव्हती.

“‘कर्मचाऱ्याने हात धुतला पाहिजेत’,” तिनं सगळ्या स्टाफसमोर मोठ्यांदा वाचलं. “मॅडम, किती हात धुतले पाहिजेत? एक की दोन?”

पोरी फिसकन हसल्या. रीनामॅडमनं ही पुस्तिका मोबाइलवर इंग्रजीतून मराठीत उलथवून घेतली होती. पुण्याहून पाहणी यायची होती आणि दवाखान्याला दर्जाचं प्रमाणपत्र हवं होतं.

“पुढे ऐका. ‘रुग्नाला प्रेमाणे वागवने.’ यात न आणि ण यांची अदलाबदली झालीय.”

“सिस्टर, चुका काढायला काय जातंय?” रीनामॅडम शांतपणे म्हणाल्या. “तुम्हीच लिहा ना. वर तुमचं नावही छापू.”

ज्योत्स्ना हेच ऐकायला बसली होती. आणे गावच्या शाळेत ती एकदा ‘पानी’ म्हणाली, तेव्हा अख्खा वर्ग हसला होता आणि मास्तरही हसले होते. हसले ते पानी या शब्दाला नव्हे, ते कोणत्या वस्तीतून आलं होतं त्याला. त्या दिवसापासून तिनं ण असा पकडला, की नवऱ्याशी भांडतानाही सोडला नाही.

मॅडमची पुस्तिका मात्र तोवर अर्ध्या दवाखान्याच्या तोंडात बसली होती. पाहणीवाले आले की बायांना प्रश्न विचारतात आणि उत्तर पुस्तिकेतलंच द्यायचं असतं, म्हणून दुपारी पेशंट निजले की चादरींच्या खोलीत पाठांतर चाले. मावश्यांतली शिकलेली रुपाली वाची. बाकीच्या मावश्या चादरीची एक घडी घालत आणि एक ओळ म्हणत. त्यांत जानकाबाई सगळ्यांत पुढे होती. तिला वाचता येत नव्हतं, पण चादरींचा गठ्ठा संपेपर्यंत पुस्तिका संपलेली असे. ती ज्योत्स्नाची चुलत आत्या. बरीच वर्षं हंगामी होती. पाहणीत नीट बोललीस तर कायम करू, असं मॅडमनं तिला सांगितलं होतं. नवरा गेल्यापासून तिला एवढं एकच हवं होतं.

नवी पुस्तिका आली ती पाहणी अगदी तोंडावर आल्यावर. रुपालीनं पहिली ओळ वाचली: “रुग्णस्पर्शापूर्वी हस्तप्रक्षालन अनिवार्य आहे.”

“कुणाचं लग्न हाय?” एक मावशी म्हणाली.

जानकाबाई चादर हातात तशीच धरून ज्योत्स्नाकडे गेली. “ज्योती, आगं जुनंच लई मुश्किलीनं बसलं व्हतं. ह्ये माझ्या तोंडात मावत न्हाई.”

“जुनं चुकीचं होतं, आत्या.”

“हात तर त्येच धुवायचं हायेत ना?”

“लोकांनी हसावं असं वाटतं का तुला?”

“हसू दे की. मला कायम व्हायचंय.”

“मग हेच पाठ कर.”

पाहणीच्या दिवशी पुण्याच्या बाई वॉर्डात आल्या. बाई बऱ्या होत्या. त्यांनी हसून विचारलं, “मावशी, पेशंटला हात लावण्याआधी काय करता?”

हातात चादर नव्हती. जानकाबाईनं पदराचं टोक दुमडलं. “कर्मचाऱ्याने हात धुतला...” तिला ज्योत्स्नाच्या कपाळावरची आठी दिसली. “न्हाई. रुग्ण... रुग्णस्पर... हस्त...” तिनं पुन्हा पदर दुमडला. “हस्तप्र...”

“सावकाश सांगा. तुमच्या शब्दांत सांगा.”

पण आपल्या शब्दांत बोलायचं नाही, हे तर तिला दोन्ही पुस्तिकांच्या वेळी बजावलेलं होतं. ती पुन्हा ‘हस्त’पाशीच अडली. बाईंनी टिपण केलं.

प्रमाणपत्र मिळणार होतं, फक्त ‘एक कर्मचारी अप्रशिक्षित, कारवाई कळवा’ असा शेरा होता.

“पुस्तिकेवर नाव तुमचं आहे, सिस्टर,” केबिनमध्ये रीनामॅडम म्हणाल्या.

“तिच्या तोंडात तुमची बसली होती, मॅडम.”

एकीनं दुसरीला बुडवायचं म्हटलं, तर आपणही बुडणार, हे दोघींना एकाच वेळी कळलं. मॅडमनं चहा मागवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन कप आले.

“तुम्हीच लिहा,” कागद पुढे सरकवत मॅडम म्हणाल्या. “तुमची भाषा चांगली आहे.”

ज्योत्स्नानं लिहिलं: ‘सदर कर्मचारी वारंवार प्रशिक्षण देऊनही आकलनास असमर्थ असल्याने त्यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे.’ ‘असमर्थ’पाशी पेन जरा अडलं, पण शुद्धलेखनासाठी नव्हे. रीनामॅडमनं वाचून सही केली. त्यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जानकाबाई तो कागद घेऊन आली. “वाच की, ज्योती.”

ज्योत्स्नानं सगळा वाचून दाखवला. एक शब्दही गाळला नाही.

“ह्ये तूच लिवलंय?”

“हो.”

“अक्षर चांगलं हाय. तुझा बाप लई खूश व्हायचा तुझ्या अक्षरावर.” तिनं कागद दुमडून कमरेच्या पिशवीत ठेवला. “येते. जयभीम.”

जानकाबाई आता आण्याच्या रस्त्याला एका शेडमध्ये कांदे निवडते. ज्योत्स्नाला पाटी मिळाली, पंखाही मिळाला. गावी जाताना तिला एसटीत खिडकी आवडायची. हल्ली ती मधल्या बाजूला बसते, कारण शेड रस्त्याला लागूनच आहे.

तर जमाखर्च असा झाला: प्रमाणपत्र रीनामॅडमला, खुर्ची ज्योत्स्नाला. भरलं जानकाबाईनं. खिडकीची जागा सोडावी लागली, तेवढं ज्योत्स्नानं.